अंगावर पडलेले औषध अंगात भिनते

(जालना जिल्ह्यातील एका खरीप शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बोलण्यात 'औषध' हा शब्द फार मोकळा आहे. कपाशीवर मारतो ते औषध, बैलाच्या गोचिडांना लावतो ते औषध, लेकराच्या खरजेला चोळतो तेही औषध आणि दवाखान्यातून आणतो ते तर औषधच. आम्ही मंडळी पुस्तिकेत 'कीटकनाशक' असे छापतो, पण कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर पोचलो की आम्हीही 'कोणते औषध दिले?' असेच विचारतो. या शब्दाला नावे ठेवायला मी उभा नाही. उलट एका बाबतीत तो अगदी बरोबर आहे. ही सगळी औषधे कातडीवर लावली किंवा पडली तर ती कातडीवरच राहत नाहीत. काही अंश आत शिरतो, रक्तात मिसळतो आणि जिथे लावलेच नव्हते तिथे, म्हणजे मेंदूवर, हृदयावर, श्वासावर, साखरेवर आपला परिणाम दाखवतो.

मी कृषिविद्या शिकवतो. डॉक्टर नव्हे. त्यामुळे रोगाचे निदान मी सांगणार नाही. पण पानावर पडलेले तणनाशक मुळापर्यंत कसे पोचते हे वर्गात शिकवावे लागते आणि तेच उदाहरण इथे कामाला येते. पानावर मेणचट थर असतो. नुसते पाणी त्यावरून घसरून जाते. म्हणून औषधात तेलकट द्रावक आणि पायस करणारे घटक घातलेले असतात. ते हा थर भेदतात. ग्लायफोसेट हराळीच्या पानावर मारले तरी जमिनीतली काशी मरते, कारण ते पानातून आत शिरून मुळापर्यंत पोचते. आता आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर पाहा. मृत पेशींचा थर आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ, अशी त्याची रचना आहे. पाणी तो अडवतो, पण तेलात विरघळणाऱ्या पदार्थाला वाट देतो. ज्या औषधाच्या नावापुढे 'ईसी' अक्षरे असतात ते तेलकट द्रावकात विरघळवलेले असते. पानात शिरावे म्हणून केलेली तयारी माणसाच्या कातडीलाही लागू पडते. पान कोणाचे आणि कातडी कोणाची, हे औषधाला कळत नाही.

डॉक्टर लोक याचा उपयोग मुद्दाम करून घेतात. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाच्या अंगावर नायट्रोग्लिसरीनची पट्टी चिकटवतात. पट्टी कातडीवर आणि काम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर. तंबाखू सोडू पाहणाऱ्याला निकोटीनची पट्टी देतात, तिचेही तसेच. तेव्हा 'वरून लावले, त्याने काय होते' हे म्हणणे दोन्हीकडे टिकत नाही, दवाखान्यातही आणि वावरातही.

किती औषध आत जाईल हे कशावर ठरते? पहिली गोष्ट म्हणजे जागा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली स्वयंसेवकांच्या अंगावर पॅराथिऑन या कीटकनाशकाची अल्प मात्रा वेगवेगळ्या ठिकाणी लावून मोजमाप केले. हाताच्या कोपराखालच्या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के आत गेले. तळहातावरून १२ टक्के, हाताच्या पाठीवरून २१ टक्के, डोक्याच्या कातडीवरून ३२ टक्के, कपाळावरून ३६ टक्के आणि काखेतून ६४ टक्के. वृषणाच्या कातडीवरून जवळजवळ सगळेच्या सगळे आत गेले. बंधूंनो, लाजण्याचे कारण नाही, हे आकडे घरी जाऊन पोरांनाही सांगा. आपण फवारणीनंतर हात धुतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात तळहात ही अंगावरची त्यातल्या त्यात राठ जागा आहे. खरी दारे डोके, कपाळ, काख आणि जांघ ही आहेत.

आता पाठीवरच्या पंपाचा विचार करा. मेळाव्यात मी विचारतो, 'कोणाचा पंप गळतो का?' हात वर होत नाहीत. मग विचारतो, 'फवारणी करताना पाठ ओली होते का?' सगळे हसतात आणि हात वर जातात. झाकणाचे वायसर झिजलेले असते, टाकी काठोकाठ भरलेली असते, वाकले की द्रावण मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून कमरेच्या नाडीपर्यंत उतरते. तिथून पुढे कुठे जाते हे सांगायला नको. मायबाख यांच्या आकड्यांची शिडी औषध स्वतःहून उतरते, आणि सर्वांत धोक्याच्या पायरीवर ते ओल्या चड्डीत चार-पाच तास मुरत राहते. ओल्या कापडाखाली, घामाने भिजलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त शोषले जाते. एक वायसर फार महाग नसते. हंगामाच्या सुरुवातीला ते बदलावे, नोझल आणि नळीचे जोडही पाहावेत, आणि टाकी गळ्यापर्यंत न भरता चार बोटे रिकामी ठेवावी. बाकी सर्व सूचना विसरलात तरी चालेल, एवढी विसरू नका.

दुसरी गोष्ट तीव्रता. दहा लिटर पाण्यात २० मिलि औषध टाकायचे असेल तर द्रावण ५०० पट पातळ होते. म्हणजे डब्यातले मूळ औषध एक मिलि जरी हातावर सांडले तरी ते अर्धा लिटर फवारणीच्या द्रावणाइतके झाले. फवारणाऱ्यापेक्षा औषध कालवणाऱ्याला धोका अधिक असतो तो असा. आणि कालवतो कोण? पुष्कळदा घरातली बाई, पाण्याची घागर आणून देता देता, हातानेच किंवा तुरीच्या काडीने ढवळून. हातमोजे घालायचेच असतील तर ते याच वेळी घालावेत. ते रबरी किंवा नायट्राईलचे असावेत. सुती मोजे औषध पितात आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात परवडला, निदान तो लगेच धुता तरी येतो. मोज्याच्या आत औषध गेले असेल तर तो मोजा टाकून द्यावा.

तिसरी गोष्ट कातडीची अवस्था. खरचटलेली, खाजवलेली, भेगाळलेली, उन्हाने भाजलेली कातडी जास्त औषध आत घेते. वर हवा दमट आणि गरम असेल तर रंध्रे ओली राहतात आणि कातडीखालचे रक्ताभिसरणही वाढते.

या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते ते आपण २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. त्या वर्षी फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारणारा पिकात बुडालेला, नोझल खांद्याच्या वर, तुषार परत त्याच्याच डोक्यावर, कपाळावर आणि उचललेल्या हाताच्या काखेत. हवा दमट. बारीक तुषार पाडणारे पंप. आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. दगावलेल्यांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. जालना, भोकरदन, बदनापूर, परतूर हा आपला पट्टाही कपाशीचाच आहे. यवतमाळला जे घडले ते इथे घडू नये असा काही निसर्गाचा नियम नाही.

रोजाने फवारणाऱ्याबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तेव्हा एक रसायन सुटते आणि काम झाले की ते रसायन मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. विहिरीवरची मोटर बंद करणारे बटन म्हणा हवे तर. ही औषधे ते बटनच अडकवून टाकतात. मोटर चालू होते, बंद होत नाही. मग लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडखळतो. हे विकर पुन्हा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. जो माणूस आज रामाच्या, उद्या लक्ष्मणाच्या शेतात असा आठ दिवस फवारतो, त्याच्या अंगातले विकर रोज थोडे थोडे कमी होत जाते. नवव्या दिवशी अगदी थोडे औषध लागले तरी तो पडतो. लोक म्हणतात, 'आठ दिवस काही झाले नाही, आजच कसे झाले?' आजचे नव्हे, आठही दिवसांचे झालेले असते. तेव्हा गावात फवारणीची माणसे आलटून पालटून लावावीत. जास्त पैसे देऊन एकाच माणसाकडून सगळा हंगाम करून घेणे म्हणजे त्याच्या जिवावर काटकसर करणे होय.

आणखी एक घात होतो तो झोंबण्याच्या भरवशाने. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे चेहऱ्याला लागली की जळजळ होते, मुंग्या येतात. शेतकरी लगेच तोंड धुतो. फॉस्फरस गटातील पुष्कळ औषधे मात्र झोंबत नाहीत, खाजतही नाहीत. त्यामुळे ती सौम्य वाटतात. कातडीतून गेलेल्या औषधाची लक्षणे दिसायला कित्येक तास लागू शकतात, कधी रात्र उलटते. माणूस दिवसभर फवारून येतो, जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री त्याला घाम फुटतो. घरच्यांना वाटते, जेवणातून काही झाले.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थही या संदर्भात समजून घ्यावा. कीटकनाशक नियम १९७१ नुसार तोंडावाटे आणि कातडीवाटे अशा दोन्ही मार्गांनी प्राणघातक ठरणारी मात्रा पाहून लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग ठरतो. लाल म्हणजे प्राण्याच्या वजनाच्या दर किलोला कातडीवाटे २०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा घातक. पिवळा म्हणजे २०१ ते २००० मिलिग्रॅम. याचा अर्थ पिवळे औषध निर्धोक असा नाही; पिवळ्याचा उन्हाळी फवारा अंगभर घेतला तर हिशेब लालच्या जवळ जातो. पूर्वी आपण थायमेट हाताने फेकत होतो, ते फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्र शासनाने २०२३ साली काढला. कोणाच्या माळवदावर जुना डबा असेल तर तो आता वापरात आणू नये.

कडवंची आणि परिसरातील द्राक्ष बागायतदारांसाठी एक वेगळी सूचना. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, पुष्कळ ठिकाणी स्पंजाने, हातानेच. हे औषध कातडी तर भाजतेच, शिवाय अंगात गेल्यावर दारू पचवणाऱ्या विकराला अडवते. ज्याने ते लावले आणि संध्याकाळी थोडीशी घेतली, त्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, दम लागतो. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांचे काम असेच चालते. पेस्टिंगच्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी आणि पुढे काही दिवस दारूला शिवू नये. हे मजुरांना काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. मजुरीचे पैसे दिल्यावर सांगून उपयोग नाही.

आता घरात येऊ. काही शेतकरी कपाशीचे उरलेले औषध पाण्यात कालवून बैलाच्या अंगावरील गोचिडांना लावतात, काही घरांत मुलींच्या डोक्यातील उवांना. डोक्याची कातडी किती शोषते ते वर सांगितले. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने अंगाची कातडी जास्त असते, म्हणून तेवढ्याच औषधाची बाधा त्याला मोठ्या माणसापेक्षा जास्त होते. डोक्याला शेतातले औषध लावू नये, एक थेंबही नाही. उवा आणि खरजेसाठी दवाखान्यात मिळणारे पर्मेथ्रीन हे सायपरमेथ्रीनच्याच कुळातले आहे हे खरे. पण त्याचे ५ टक्क्यांचे मलम माणसासाठी बनवलेले असते. सायपरमेथ्रीन २५ ईसीमध्ये एकतर औषध पाचपट आणि वर ते द्रावकात.

एकच रसायन वावरात आणि मलमात असण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गॅमा बीएचसी, अर्थात लिंडेन. आपल्या वडिलांच्या पिढीने बीएचसी पावडर पोत्यांनी धुरळली. तेच लिंडेन १ टक्का लोशन म्हणून खरजेला दिले जात होते. ते कातडीतून मेंदूपर्यंत जाते. जास्त वेळा लावले, गरम पाण्याने अंघोळ करून लावले, खाजवून सोललेल्या कातडीवर लावले, की लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २००९ साली ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि आपल्याकडे २०१३ पासून शेतीतील वापर बंद झाला. खरजेची जुनी बाटली फडताळात असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लेकराला लावू नये.

जनावरांसाठी पशुवैद्यकाने दिलेलेच गोचीडनाशक वापरावे, सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून. खांदेसूज किंवा जखम असलेल्या जागेवर लावू नये. वाळेपर्यंत तोंडाला मुसके बांधावे, कारण जनावर चाटते आणि कातडीतून जाते त्यापेक्षा जास्त जिभेवाटे घेते. दुभत्या जनावराचे दूध किती दिवस काढून टाकायचे तेही विचारून घ्यावे.

शेवटी नायट्याच्या मलमाविषयी, कारण त्याचा आणि फवारणीचा जवळचा संबंध आहे. ओल्या कपड्यात राहून जांघेत नायटा येतो. दुकानातून ट्यूब आणली जाते. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते, बेटामेथासॉन किंवा क्लोबेटासॉल या नावाचे. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून शेजाऱ्यालाही तीच सांगितली जाते. खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे मोजमाप केले होते. हाताच्या मानाने वृषणाच्या कातडीतून ते ४२ पट शोषले गेले. म्हणजे हाताला लावायचे मलम जांघेत महिनोन्महिने लावणे हा वेगळाच डोस झाला. मग तोंडावर सूज येते, रक्तदाब आणि साखर वाढू शकते, हाडे ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. लहान मुलांची वाढ खुंटू शकते. वर ती कातडी पातळ होते. अशा पातळ झालेल्या कातडीवरून पंपाची गळती उतरली तर काय होईल याचा विचार करा. २०१८ साली केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. फार दिवस लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत. ते घरच्या कपड्यांत, लेकराच्या दुपट्यासोबत भिजवू नयेत. धुणारीने मोजे घालावेत, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे हे काम देऊ नये. बांधावरच साबणाने अंघोळ करून, केस आणि कानामागचा भाग धुऊन मगच घरात यावे. फवारणीपूर्वी हाताला खोबरेल लावून संरक्षण होते अशी समजूत आहे. तेलात विरघळणाऱ्या औषधापासून तेल वाचवत नाही.

कोणाला बाधा झाल्याचा संशय आला तर आधी कपडे काढा, साबण आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. दूध, तूप, लिंबू, मिठाचे पाणी काही पाजू नये. ओकारी काढू नये. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ हा आहे. तो तुम्हालाही उपयोगी आहे आणि गावातल्या डॉक्टरांनाही. फॉस्फरस गटाच्या विषबाधेवर ॲट्रोपीन हे इंजेक्शन असते, पण सगळ्या औषधांवर ते चालत नाही. म्हणून दवाखान्यात 'औषध लागले' एवढेच सांगून भागत नाही. कोणते, त्यात दुसरे काय कालवले होते, किती वाजता आणि किती दिवसांपासून, हे सांगावे लागते. डबा सोबत न्यावा, आणि त्याच्या लेबलाचा फोटो सकाळी टाकी भरण्यापूर्वीच घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये काढून ठेवावा.